मी पण ठेवलेत की, गुरुजी

सेलूच्या एका महाविद्यालयात मला भाषणाला बोलावलं होतं. फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलं होतं, 'बँकिंग आणि वित्त क्षेत्रातील करिअर'. मी तासभर बोललो. परीक्षा कशा असतात, बढती कशी मिळते, कोणत्या वयात अर्ज करावा, सगळं सांगितलं. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, रोज तेच ते काम. तुम्हाला कंटाळा नाही येत का? खरं सांगा."

पोरं हसली. मी म्हणालो, "कंटाळा रोज येतो, पण पगारही वेळेवर येतो." पोरं आणखी हसली, प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या, मला शाल आणि नारळ दिला. मुलगी मात्र हसली नाही. तिला उत्तर हवं होतं आणि मी तिला चुटका दिला होता.

देवगाव फाट्यावर परभणीची गाडी लवकर मिळेना. पिशवीत नारळ घेऊन मी टपरीजवळ उभा राहिलो आणि मनातल्या मनात त्या मुलीला उत्तर द्यायला लागलो. गाडी आली तरी ते संपलं नव्हतं, म्हणून इथं लिहितो आहे.

कंटाळा येतो का? पोरी, येतो. सव्वीस वर्षं झाली या नोकरीला. त्यातली बरीचशी झरीच्या शाखेत गेली, आधी अधिकारी म्हणून, मग मॅनेजर म्हणून. सकाळी परभणीहून मोटारसायकल काढायची, जिंतूर रोडला लागायचं, शाखेचं कुलूप उघडायचं. तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक माझ्याकडे, एक कॅशियरकडे. दोघं असल्याशिवाय ती उघडत नाही. मग दिवसभर सह्या. संध्याकाळी हिशेब जुळला की पुन्हा दोन किल्ल्या, कुलूप आणि जिंतूर रोड. घरी बायको विचारायची, "आज काय झालं?" मी म्हणायचो, "काही नाही." ती म्हणायची, "तुमच्याकडं कधीच काही होत नाही."

खरं तर बँकेतला सगळ्यात चांगला दिवस तोच, ज्या दिवशी काही झालं नाही. कुणाचे पैसे चुकीच्या खात्यात गेले नाहीत, कुणाची सही खोटी निघाली नाही. पण जे घडलं नाही त्याबद्दल कोण कुणाला शाबासकी देतो? डॉक्टरनं माणूस वाचवला की गाव त्याच्या पाया पडतं. आमच्या हातून एखाद्याची आयुष्यभराची पुंजी जशीच्या तशी राहिली तर तो व्याज कमी पडलं म्हणून तोंड वाकडं करतो. नात्यातल्या लग्नात गेलो की माझा उपयोग एकच. यजमान बाजूला घेऊन विचारतात, "आहेरासाठी कोऱ्या नोटा मिळतील का?" माझा मेव्हणा बांधकामाची कंत्राटं घेतो. तो चारचौघांत म्हणायचा, "भावजींचं बरंय. ठप्पे मारायचे आणि घरी यायचं." मी हसायचो. ते लागायचं मात्र.

झरीत मला सगळे साहेब म्हणायचे. म्हातारे, माझ्या बापाच्या वयाचे लोकही साहेब म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. एकच माणूस मला 'अरे' म्हणायचा. ते म्हणजे गुरुजी.

गुरुजींनी मला चुडाव्याच्या जिल्हा परिषद शाळेत सातवीत गणित शिकवलं. सरळव्याज शिकवताना ते सगळ्या वर्गाकडून मोठ्यानं म्हणवून घ्यायचे, मुद्दल, दर, मुदत. शाळा स्टेशनापासून जवळ होती. गाडी आली की आमचा आवाज बुडायचा, गाडी गेली की ते म्हणायचे, "हां, कुठं व्हतो आपण? मुदत." मी बँकेच्या परीक्षेत पास झालो तेव्हा गावात पेढा पहिला त्यांना दिला. पुढं त्यांच्या बदल्या झाल्या. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्यावर बायकोच्या माहेरी, झरीला, दोन खोल्या बांधून ते राहिले, आणि काही वर्षांनी मी तिथंच, माझ्या जुन्या शाखेत, मॅनेजर म्हणून परत गेलो. पहिल्याच दिवशी काउंटरवरून आवाज आला, "काय रे, इथं आलास व्हय? बरं झालं. आता आमी निवांत."

गुरुजींना एकच मूल, मुलगी. चार वर्षांची असताना मोठा ताप आला आणि तो डोक्यात गेला. माझ्यापेक्षा आठेक वर्षांनी लहान असेल, म्हणजे आता चाळिशीची. पण बोलणं, हसणं, हट्ट करणं सगळं चार वर्षांचं. गुरुजी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनला येताना तिला बरोबर आणायचे. पासबुक छापायच्या मशीनचा करकर आवाज तिला फार आवडायचा. मी कधी कधी उगाच दोनदा छापायचो.

गुरुजींची काळजी कुणालाही समजेल अशी होती. आपण गेलो, आपली बायको गेली, की हिचं काय? निवृत्तीचे चौदा लाख त्यांनी माझ्या शाखेत मुदत ठेवीत ठेवले होते. त्या व्याजावर तिला कुणी तरी सांभाळावं, असा त्यांचा हिशेब होता. पुतण्याशी बोलणंही झालेलं होतं. पण दर वेळी ठेवीचं नूतनीकरण करायला यावं तर दर पाव टक्क्यानं उतरलेला. गुरुजी माझ्या टेबलावरच कागदाच्या पाठीमागं आकडेमोड करायचे आणि म्हणायचे, "जमायला न्हाई रे हे. तेल-मिठाचं पुरंल, दवापाण्याचं न्हाई पुरायचं." मी सरकारी धोरण, महागाई, असलं काहीतरी बोलायचो. पावती दिली की ती न बघता पिशवीत टाकायचे. एकदा मी म्हटलं, "गुरुजी, तारीख तरी बघून घ्या." तर म्हणाले, "तुझ्याकडून पावती बघून घ्यायची म्हंजे घरच्या पोराकडून पोच मागितल्यासारखं हाय."

त्याच सुमारास झरीच्या मुख्य रस्त्यावर एक मल्टिस्टेट पतसंस्था आली. काचेचं दार, एसी, आल्या-आल्या थंड पाणी आणि चहा. आमच्या शाखेत पंखा होता, तोही लाईट असेल तर. संक्रांतीला त्यांनी हळदी-कुंकू ठेवलं आणि वाण म्हणून स्टीलचे डबे वाटले. गावातल्या बायका आमच्या रांगेत उभं राहून त्या डब्यांची चर्चा करायच्या. ठेवीवर व्याज साडेबारा टक्के.

साडेबारा टक्के कुठून देणार, हे मला विचारायला हवं होतं. माझं कामच ते आहे. मी ते पहिल्या दिवशी विचारलंही, स्वतःला, आणि उत्तर मिळालं नाही. पण आता लिहायला बसलोय तर खरं लिहितो. मला कंटाळा आला होता. आयुष्यभर सहा-सात टक्क्यांत जगायचा कंटाळा. मेव्हण्यानं दुसरी गाडी घेतली होती. माझ्या मुलीच्या लग्नासाठी साठवलेले सहा लाख माझ्याच बँकेत पडून होते आणि कासवाच्या गतीनं वाढत होते. वाटलं, एकदा आपणही थोडी हिंमत करून बघावी. ठेव बायकोच्या नावानं करायची ठरवली, कारण बँकेचा माणूस दुसरीकडं ठेव ठेवतो हे वर कळलं तर बरं दिसत नाही.

दुपारच्या सुट्टीत मी तिथं फॉर्म भरायला गेलो. काचेचं दार ढकललं आणि समोर सोफ्यावर गुरुजी. हातात चहाचा कप. नुसती चौकशी करायला आले होते. त्यांना बघून मी दारातच थबकलो. त्यांनाही थोडं अवघडल्यासारखं झालं, कारण त्यांची ठेव माझ्याकडं होती. दोघंही परक्या ठिकाणी सापडल्यासारखे झालो. तिथला मॅनेजर मात्र खूश. तो म्हणाला, "बघा गुरुजी. बँकेचे साहेबच आमच्याकडं ठेव ठेवायलेत. आता आणखी काय पाहिजे?"

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. चष्म्यावरून, वर्गात बघायचे तसं. "ठीक हाय ना रे?"

मी म्हणालो, "मी पण ठेवलेत की, गुरुजी. पोरीच्या लग्नाचे."

एवढंच बोललो. अजून ठेवलेही नव्हते, फॉर्म हातात कोरा होता. मी कुणाला सल्ला दिला नाही, असं मी पुढं कितीदा तरी स्वतःला सांगितलं. पण बँक मॅनेजरचं बोलणं लोक एका कानानं ऐकतात, त्याचे स्वतःचे पैसे कुठं आहेत ते दोन्ही डोळ्यांनी बघतात. हे मला माहीत होतं. गावात कोण काय करतो यावरच तर लोक ठेवी ठेवतात, माहितीपत्रक कोण वाचतं?

आठ दिवसांनी गुरुजी शाखेत आले आणि चौदा लाखांची ठेव मुदतीआधी मोडायचा अर्ज दिला. अर्जात कारणाचा रकाना असतो. त्यांनी लिहिलं, 'घरगुती', आणि माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. मी सही केली. टेबलापलीकडं त्यांची मुलगी मशीनचा आवाज येतोय का म्हणून कान देऊन बसली होती.

वर्ष-दीड वर्ष चांगलं गेलं. व्याज महिन्याच्या महिन्याला यायचं. गुरुजींनी मुलीसाठी महागडं औषध सुरू केलं, त्यानं तिला झोप लागायला लागली. त्यांच्या पत्नीनं माझ्या बायकोला लोणच्याची बरणी पाठवली. मीही खूश होतो, मेव्हण्यापुढं एकदा साडेबारा टक्क्यांचा विषय काढलाही.

मग श्रावण आला. त्या पतसंस्थेचं चालू खातं आमच्याच शाखेत होतं. एका गुरुवारी क्लिअरिंगमध्ये त्यांचे तीन चेक आले, ठेवीदारांना दिलेले, आणि खात्यात पैसे नव्हते. तिन्ही परत केले. असं एखाद्या वेळी होतं. पण मी त्या खात्याचे मागचे व्यवहार उघडून बघितले. रोज सकाळी जमा होणारी रोकड संध्याकाळच्या आत बाहेरच्या कुठल्या तरी खात्यात जात होती, महिनाभर. असलं खातं वाचायला सव्वीस वर्षं लागत नाहीत, दोन वर्षं पुरतात.

घरी जाऊन बायकोला म्हणालो, "उद्या सकाळी जा. व्याज कापलं तरी चालेल, मुद्दल घेऊन ये. चेक देतो म्हणाले तर घेऊ नको, रोख माग. कारण विचारलं तर लग्न ठरलं म्हण." तिनं सगळं नीट ऐकलं. मग विचारलं, "आणि गुरुजींचं?"

मी म्हणालो, "खातेदाराची माहिती बाहेर सांगता येत नाही. नियम आहे. नोकरी जाईल."

ती म्हणाली, "मग मला कसं सांगितलं?"

मी उठून अंघोळीला गेलो. दुसऱ्या दिवशी तिनं सहा लाख आणले, रोख. तिला एका शब्दानं कुणी अडवलं नाही. मॅनेजरनं चहा पाजला आणि साहेबांना नमस्कार सांगा म्हणाला.

नियम खोटा नव्हता. खातेदाराची गुप्तता ही आमच्या धंद्याची पहिली शपथ. गुरुजींना सांगितलं असतं तर ते शेजाऱ्याला सांगणारच, शेजारी गावाला, आणि दुसऱ्या दिवशी काचेच्या दारापुढं चारशे माणसं. मग चौकशीत माझं नाव. हे सगळं खरं आहे. पण एवढा विचार मी माझे सहा लाख हातात आल्यावर केला, आधी नाही. आधी मला नियम आठवलाच नव्हता. आपलं निभलं की माणसाला कायदा सुचतो.

पैसे आणल्यानंतर आठ दिवस मला झोप लागेना. शेवटी एका रविवारी गाडी काढून मी झरीला गुरुजींच्या घरी गेलो. आज सांगायचंच, काय व्हायचं ते होऊ दे, असं ठरवून. ओसरीवर गुरुजींची मुलगी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. दाणे एका ताटात, टरफलं दुसऱ्या ताटात, आणि मधेच एखादा दाणा तोंडात. मला बघून तिनं मूठभर शेंगा पुढं केल्या. गुरुजी आतून आले, "अरे, सुट्टीच्या दिवशी कामून तकलीफ घेतलीस?" म्हणाले, चहा सांगितला.

मी बराच वेळ हवापाण्याचं बोललो. मग म्हणालो, "गुरुजी, एक सांगू? सगळं एकाच जागी ठेवू नये माणसानं. थोडे इकडं आणले तर..."

गुरुजी हसले. "आता तू बँकेचा माणूस, तुला तुझ्या ठेवी पायजेत. टारगेट आलंय का वरून?" मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "तू बी तिथंच ठेवलंस की. तू हायेस तोवर मला कशाची फिकीर?"

इथं बोलायचं होतं. एक वाक्य होतं, 'मी काढले, गुरुजी'. तोंडाशी आलं होतं. पण ते बोललो असतो तर पुढचा प्रश्न आलाच असता, कधी? आणि त्याच्या पुढचा, मग आठ दिवस काय करत होतास? ते दोन प्रश्न मला नको होते. गुरुजी मला नालायक समजतील या भीतीनं मी त्यांचे चौदा लाख जाऊ दिले. ह्याहून सरळ भाषेत मला ते लिहिता येत नाही. चहा प्यायलो. निघताना मुलीनं माझ्या खिशात शेंगा कोंबल्या. त्या मी घरी येईपर्यंत खिशातच होत्या.

दिवाळीच्या तोंडावर काचेच्या दाराला कुलूप लागलं. सकाळी मी शाखेत जाताना रस्त्यावर गर्दी होती. बायका दारावर थापा मारत होत्या, एकीच्या हातात तोच वाणाचा डबा होता, त्यात पावत्या घेऊन आली होती. गुरुजी गर्दीत पुढं नव्हते. पलीकडं बंद दुकानाच्या पायरीवर बसले होते, मुलीचा हात धरून. मी गाडी हळू केली, आणि मग थांबलो नाही.

पुढचं सगळ्या जिल्ह्यानं बघितलंय. तक्रारी, झेरॉक्स, मोर्चे, तारखा, कृती समिती, वकील. गुरुजी प्रत्येक रांगेत उभे राहिले. मुलीचं महागडं औषध बंद झालं. पहिल्या आठवड्यात पेन्शनला यायचे, तिला आणायचे, पण मशीनचा आवाज आला तरी ती पेंगत असायची, रात्रभर जागल्यामुळं. मला एका शब्दानं त्यांनी कधी बोल लावला नाही. उलट मीच नजर चुकवायचो आणि ते समजून घेतल्यासारखे मान हलवायचे. ते नेमकं काय समजून घेत होते, हे मला वर्षभरानं कळलं.

मी काय करू शकत होतो? पैसे द्यावेत असं एकदा मनात आलं, माझ्या सहातले दोन. मुलीचं लग्न ठरत होतं, नाही दिले. मग मला माझ्या कंटाळवाण्या धंद्यातलीच एक गोष्ट आठवली. पेन्शनरचं मूल स्वतः कमावू शकत नसेल तर आईबापांच्या मागं त्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, जन्मभर. हे दरवर्षी परिपत्रकात येतं आणि आम्ही ते फाईलला लावून टाकतो. मी गुरुजींचे कागद मागवून बघितले. कुटुंबाच्या यादीत नाव एकच, पत्नीचं. मुलीचं नावच नव्हतं.

मी विचारलं, "गुरुजी, हिचं नाव का नाही लिहिलं?"

त्यांनी कागद माझ्याकडं परत सरकवला. मग म्हणाले, "जन्मली तवा म्हटलं, पोरगी हाय, सासरी जाईल, तिचं नाव कशाला आपल्या पेन्शनीत? पुढं ताप आला. त्याच्या नंतर बी फॉर्म आले दोन-तीनदा. त्यात अपंग म्हणून लिहायचा रकाना होता. माझ्या हातानं लिहवलं न्हाई. लिहिलं की झालंच ते, असं वाटायचं. लय वर्षं मला वाटायचं, हिला बरं वाटंल."

गणिताचा मास्तर, आणि एका रकान्यापुढं हात अडला होता.

नाव लावायला आठ महिने गेले. सरकारी दवाखान्याचा दाखला, जन्माची नोंद, शपथपत्र, जिल्हा परिषदेत अर्ज. बहुतेक खेपा मी माझ्या रजेत केल्या. कुठला कागद आधी, कुठला नंतर, कोणत्या टेबलावर काय म्हटलं की फाईल पुढं सरकते, हे मला येतं. सव्वीस वर्षांत दुसरं शिकलोय तरी काय? पावसाळ्यात आदेश आला. गुरुजींनी शाखेत पेढे आणले आणि सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, "ह्यानं माझ्या लेकीचं आयुष्य मार्गी लावलं. पोटचा पोरगा करणार न्हाई एवढं केलं." कॅशियरनं टाळी वाजवली. मी पेढा तोंडात धरून उभा होतो.

तर पोरी, तू विचारलंस ते असं आहे. या नोकरीत समाधान आहे. असल्या एखाद्या कंटाळवाण्या कागदात ते असतं, दहा वर्षांतून एकदा. पण माझं ऐकून तू निर्णय घ्यायच्या आधी पुढचंही ऐक.

त्याच वर्षी नोव्हेंबरात गुरुजी हयातीचा दाखला द्यायला आले. दरवर्षी नोव्हेंबरात पेन्शनरनं आपण जिवंत आहोत असं बँकेत येऊन सही करून द्यायचं असतं. अधिकाऱ्यासमोर सही. मी फॉर्म भरून ठेवला होता. त्यांनी सही केली, आणि खुर्ची थोडी पुढं ओढून, आवाज खाली करून म्हणाले,

"एक विचारायचं व्हतं. वर्षभर हिंमत झाली न्हाई. तू कुठल्याच रांगेत दिसला न्हाईस. मी वळखलं, नोकरीमुळं तुला उघड येता येत नसंल. तुझ्या पोरीच्या लग्नाचे व्हते, मला ठावं हाय. मीच तिथं बसलेलो बघून तू बी ठेवले असशील, असं लय वेळा वाटतं. बेजार होतो जीव." त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. "समितीनं यादी करायलीय वकिलाला द्यायला. मी तुझ्या घरच्यांचं नाव घातलंय, ठेव तुझ्या नावानं नसणार ठावं हाय, तुला यायला नको. रकमेची जागा तेवढी कोरी हाय. सांग, किती व्हते?"

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि वाट बघत बसले.

माझी बायको त्या यादीत, त्यांच्या नीट, मास्तरी अक्षरात, त्यांच्या नावाच्या लगेच खाली. मी कुठलाही आकडा सांगू शकलो असतो. त्यांनी लिहून घेतला असता आणि माझं सांत्वन केलं असतं.

मी म्हणालो, "ते नाव काढा, गुरुजी. आमचे मिळाले."

त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, ते मी विसरू शकत नाही. "मिळाले? द्यायलेत का? कधी मिळाले?"

"श्रावणात. त्या श्रावणात. बंद पडायच्या आधी."

त्यांचे ओठ किंचित हलत होते, मनात आकडेमोड करताना हलायचे तसे. मग म्हणाले, "तू घरी आला व्हतास. पोरीनं शेंगा दिल्या तुला."

"त्याच्या आठ दिवस आधी."

गुरुजींनी पेनाचं टोपण लावलं. यादीची घडी घातली, आधी उभी, मग आडवी, आणि पिशवीत ठेवली. चिडतील, ओरडतील, शिव्या देतील, असं मला वाटत होतं. देव करो आणि ते ओरडोत, अशी मी वाट बघत होतो. त्यांनी मुलीला हात देऊन उठवलं. ती मशीनकडं बोट दाखवत होती, तिला आवाज ऐकायचा होता. ते दोन पावलं गेले आणि परत माझ्या टेबलापाशी आले.

"साहेब," ते म्हणाले, "दाखला दिल्याची पोच मिळंल का?"

मी पोच लिहिली, सही केली, शिक्का मारला. त्यांनी चष्मा लावला, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, तारीख तपासली, आणि खिशात ठेवली.

अजूनही ते पहिल्या आठवड्यात येतात. रांगेत उभे राहतात, साहेब म्हणतात, आणि प्रत्येक कागदाची पोच मागून घेतात. मी देतो.